शुक्राची कोर नुसत्या डोळ्यांनी दिसू शकते का? मुलगी म्हणते, दिसते

हर्णैबंदर | 2 मार्च 2025, रात्री 9.20

नमस्कार. आम्ही दापोली तालुक्यात हर्णैला राहतो. संध्याकाळी बंदरावरचा माशांचा लिलाव उरकला की मी मुलीला घेऊन जरा लांब, दिवे नसलेल्या बाजूला किनाऱ्यावर जाते. मुलगी अकरा वर्षांची आहे, तिला चष्मा नाही. गेले महिनाभर पश्चिमेला शुक्राची चांदणी इतकी ठळक आहे की तिच्याकडे लक्ष न जाणं अशक्य. काल 1 तारखेला समुद्रावर अगदी बारीक चंद्रकोर होती आणि तिच्या वरच्या अंगाला शुक्र. सूर्य बुडून जेमतेम पंधरा-वीस मिनिटं झाली असतील, आकाश अजून उजळ होतं. मुलगी एकदम म्हणाली, "आई, चांदणी पण चंद्रासारखीच आहे गं. इवलीशी. खाली जाड आणि वर दोन टोकं."

मला चष्मा आहे. चष्म्यातून मला चांदणीला चारी बाजूंनी किरण फुटलेले दिसतात, बाकी काही नाही. तिचे बाबा होडीवर जातात, त्यांची नजर लांबची आणि चांगली आहे. ते म्हणाले, "आज थोडी लांबुळकी वाटते खरी, पण टोकं वगैरे मला दिसत नाहीत." आज मुलीनं शाळेतल्या मैत्रिणीच्या ताईला विचारलं, ती बारावी सायन्सला आहे. तिनं सांगितलं की ग्रहांचा आकार दुर्बिणीशिवाय कुणालाच दिसत नाही, सगळे ग्रह डोळ्यांना ठिपकेच. मुलगी तेव्हापासून गप्प आहे. मला एवढंच म्हणाली, "मी खोटं नाही बोलले."

मला माहीत आहे ती खोटं बोलत नाही. पण दिसतं म्हणजे नक्की काय दिसतं, हे मला समजून घ्यायचंय. असं दिसणं शक्य आहे का? तिच्या मनावर काही न लादता ते तपासायचं कसं? आणि मनात एक काळजी अशी की डोळ्यात काही दोष असल्यामुळे तर तिला असं दिसत नसेल? घरात दुर्बीण नाही.

सरळरेषा | 2 मार्च 2025, रात्री 10.05

मुलीच्या उत्साहाचं कौतुक आहे, पण आकडे बघा. माणसाच्या डोळ्याची मर्यादा साधारण 1 कला, म्हणजे 60 विकला. (1 अंश = 60 कला, 1 कला = 60 विकला.) आज शुक्राचा व्यास 49-50 विकला आहे. म्हणजे अख्खा शुक्रच मर्यादेच्या आत बसतो, मग त्याची कोर कुठून दिसणार? शेजारी खरी चंद्रकोर होती, ती बघून मनानं चांदणीलाही तोच आकार दिला असणार. गॅलिलिओला 1610 च्या अखेरीस शुक्राच्या कला (म्हणजे चंद्रासारखे बदलते आकार) दिसल्या त्या दुर्बिणीतूनच. त्याआधी हजारो वर्षं माणसं शुक्राकडे बघत होती आणि शुक्राला कला असतात असं कुणी ठामपणे लिहून ठेवलं नाही, हाच मोठा पुरावा आहे.

चष्मेवाला बार्शी | 3 मार्च 2025, सकाळी 7.10

ताई, प्रश्न वाचला आणि दुकान उघडायच्या आधी लिहायला बसलो. बार्शीत माझं चष्म्यांचं दुकान आहे आणि आकाश बघायचा नाद शाळेपासूनचा. तुमचा प्रश्न या दोन्हींच्या मधोमध येतो.

सरळरेषा यांनी दिलेले आकडे बरोबर आहेत, पण 60 विकलांची भिंत उभी नसते. हा आकडा आला कुठून ते बघा. दुकानात जो अक्षरांचा तक्ता टांगलेला असतो, तो 1862 साली हर्मन स्नेलन या डच डॉक्टरांनी बसवलेल्या पद्धतीचा. 6/6 च्या ओळीतलं अक्षर 6 मीटरवरून 5 कलांचं भरतं आणि त्याची एक एक रेघ 1 कलेची. ती ओळ वाचली की आम्ही 'नजर चांगली' असं लिहितो आणि थांबतो. पण ही ओळ म्हणजे चांगल्या नजरेचा शेवट नाही. चष्मा न लागलेली लहान मुलं खालची 6/5 ची ओळ सहज वाचतात, काही जण 6/4 सुद्धा. 6/5 म्हणजे 50 विकला, 6/4 म्हणजे 40. डोळ्यातल्या पडद्याच्या मधल्या भागात पेशी इतक्या दाटीनं बसलेल्या असतात की दोन शेजारच्या पेशींतलं अंतर सुमारे अर्धी कला भरतं. म्हणजे अकरा वर्षांच्या मुलीची नजर 50 विकलांशी झुंजते आहे, ही अशक्य गोष्ट नाही. काठावरची आहे.

दुसरं असं की दोन ठिपके सुटे दिसणं आणि एक ठिपका गोल नसून लांबट आहे हे कळणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी तुलनेनं सोपी. तुमच्या घरच्यांना 'लांबुळकी' दिसली ती अशी.

अंदाज यावा म्हणून आकाशातली मापं सांगतो. चंद्र साधारण 30 कलांचा. सप्तर्षींतले वसिष्ठ आणि अरुंधती एकमेकांपासून 12 कलांवर. 21 डिसेंबर 2020 ला गुरू-शनी जवळ आले होते तेव्हा त्यांच्यात 6 कला उरल्या होत्या, आणि तेवढ्यातही कित्येकांना दोन ग्रह वेगळे दिसले. शुक्र आज 1 कलेच्याही किंचित आत आहे. बाकीच्या ग्रहांचं बोलायचं तर गुरू जास्तीत जास्त 50 विकलांपर्यंत जातो (आत्ता 40 च्या आसपास), पण तो जवळजवळ पूर्ण उजळलेला गोलच असतो, त्यामुळे ठिपका आणि चकती यांत डोळा फरक करू शकत नाही. शनीचं कडं आणि मंगळाची चकती नुसत्या डोळ्यांना मिळणार नाही. मंगळ 27 ऑगस्ट 2003 ला हजारो वर्षांत आला नव्हता इतका जवळ आला, तरी 25 विकलांवर अडला. दर ऑगस्टमध्ये 'मंगळ चंद्राएवढा दिसणार' असा मेसेज फिरतो, तो तेव्हापासूनचा. आकार दाखवू शकेल असा ग्रह एकच, शुक्र. तोही सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधे येण्याच्या आगेमागे काही आठवडे. तेव्हा तो सगळ्यात मोठाही असतो आणि कोरीच्या रूपातही असतो. ह्या वेळी ती युती 23 मार्चला आहे. तुमच्या मुलीनं बघितलं ते अगदी ह्याच दिवसांत.

शुक्राचं हे माप मी एकदा लोकांच्या डोळ्यांवर तपासून बघितलं आहे. 8 जून 2004 ला शुक्र सूर्यबिंबावरून सरकत गेला. आपल्याकडे दुपारी अकराच्या सुमाराला सुरू झालं आणि पाचच्या आसपास संपलं. मी दुकानाबाहेर ग्रहणाचे चष्मे घेऊन उभा होतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला फक्त विचारायचो, "सूर्यावर काही दिसतं का, आणि असलं तर कुठे?" भाजी घेऊन चाललेल्या बायका, हमाल, शाळकरी पोरं, बहुतेकांनी काळा ठिपका अचूक जागी दाखवला. तेव्हा शुक्र 58 विकलांचा होता. काळा ठिपका उजेडावर नुसता *आहे* हे कळणं आकार ओळखण्यापेक्षा सोपं, हे मान्य. पण 'इतकं लहान दिसूच शकत नाही' हे त्या दिवशी माझ्या डोळ्यांदेखत खोडलं गेलं.

मग एरवी कोर का दिसत नाही? चकाकीमुळे. शुक्राच्या ढगांवरून बहुतेक प्रकाश परत फिरतो, त्यामुळे तो प्रचंड तेजस्वी. अंधार पडल्यावर आपली बाहुली 6-7 मिलिमीटरपर्यंत उघडते, आणि भिंगाच्या कडेचे सगळे दोष चालू होतात. ताई, तुम्हाला दिसणारे किरण शुक्राचे नाहीत, तुमच्या डोळ्यातले आहेत. तुमच्या मुलीनं बघितलं तेव्हा आकाश उजळ होतं, बाहुली लहान होती, चकाकी कमी होती. सगळ्यात योग्य वेळ हीच. रात्री आठला तिला परत विचारलंत तर बहुधा 'आता नुसती चमकते' असं म्हणेल.

आता तुमची काळजी. सिलेंडर नंबर असला की ठिपका एका दिशेनं ताणलेला दिसतो, आणि मूल ते अगदी प्रामाणिकपणे 'लांबट' म्हणून सांगतं. म्हणून पहिली तपासणी डोळ्याची:

एक डोळा हातानं झाकून शुक्र बघायला लावा, मग दुसरा. दोन्हीत सारखा दिसतो का? मग तिला डोक्यावरचा गुरू आणि दक्षिणेकडचा व्याध दाखवा. तेही लांबट दिसले तर दोष डोळ्यात. फक्त शुक्रच लांबट असेल तर शुक्रात काहीतरी आहे. तिसरं, शुक्राकडे बघत मान खांद्यावर कलती करायला सांगा. आकार मानेबरोबर फिरला तर तो डोळ्याचा, आकाशात जागच्या जागी राहिला तर शुक्राचा. जाड काळ्या कागदाला दाभणानं 2 मिलिमीटरचं भोक पाडून त्यातून बघणंही चांगलं. आमच्या दुकानातलं पिनहोल 1 मिलिमीटरच्या आसपास असतं, ते ह्या कामाला घेऊ नका. इतक्या लहान भोकातून प्रकाशच फाकतो आणि कोर पुसली जाते.

दुसरी तपासणी जमिनीवर. एका काळ्या पुठ्ठ्याला 1 सेंटिमीटरचं गोल भोक पाडा. तेवढीच काळी चकती त्यावर किंचित सरकवून चिकटवा, म्हणजे मधोमध दीड मिलिमीटर जाडीची कोर उघडी राहील. मागे ट्रेसिंग पेपर आणि मोबाईलचा टॉर्च. हा पुठ्ठा 40 मीटरवर धरला की कोर साधारण 51-52 विकलांची होते, म्हणजे ह्या आठवड्यातला शुक्रच. अंतर पावलांनी नको, दोरीनं मोजा, दोरीला तुमच्याकडे तोटा नाही. संधिप्रकाशातच करा. पुठ्ठा धरणाऱ्यानं तो फिरवत राहायचा, टोकं कधी वर, कधी खाली, कधी आडवी. मुलीनं दिशा सांगायची. तिच्याजवळ उभं राहणाऱ्याला मात्र पुठ्ठा कसा धरलाय ते माहीत नसावं, नाहीतर आवाजावरून, चेहऱ्यावरून मुलं ओळखतात. दुकानात आया मुलाच्या मागे उभ्या राहून अक्षर पुटपुटतात तेव्हा मी त्यांना बाहेर बसवतो, ते ह्याच कारणानं.

कृपया तिला तुम्ही स्वतः काही सांगू नका. 'कोर दिसते ना?' असं विचारू नका. 'जे दिसतं ते काढ' एवढंच.

जुनी वही | 3 मार्च 2025, दुपारी 1.30

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. पंचांगात कालपासून 'शुक्र वक्री' दिलंय आणि पुढे शुक्राचा अस्त. वक्री होण्याचा आणि कोर दिसण्याचा काही संबंध आहे का, की योगायोग? दुसरं, आमचे आजोबा गुरूजवळ एक बारीक तारा दिसतो आणि तो गुरूचा चंद्र आहे असं सांगायचे. त्यांचा पंचांगाचा आणि आकाशाचा अभ्यास दांडगा होता. ते शक्य आहे का?

चष्मेवाला बार्शी | 3 मार्च 2025, रात्री 9.45

योगायोग नाही, एकाच घटनेची दोन रूपं आहेत. आतल्या कक्षेतला शुक्र आपल्याला गाठून पुढे निघतो तेव्हा ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर तो उलटा सरकताना दिसतो. तेच वक्री होणं. त्याच वेळी तो आपल्या सर्वांत जवळ असतो आणि त्याची उजळ बाजू सूर्याकडे म्हणजे आपल्यापासून पलीकडे वळलेली असते, म्हणून कोर. म्हणजे पंचांगात 'शुक्र वक्री' दिसलं की कोरीचा हंगाम सुरू झाला असं समजायला हरकत नाही. आणि पश्चिमेला अस्त लिहिला की संध्याकाळचा हंगाम संपला. लग्नाच्या तारखा काढायला पंचांग उघडणाऱ्यांच्या हातात हे वेळापत्रक पिढ्यान्‌पिढ्या आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. मात्र शुक्र सूर्याच्या पलीकडे जातो तेव्हाही अस्त असतो आणि तो कितीतरी जास्त दिवसांचा. त्या वेळी शुक्र 10 विकलांचा असतो, तिथे डोळ्याला काही मिळत नाही.

गुरूच्या चंद्रांबद्दल. त्यातल्या गॅनिमीडची प्रत (तेजाचं माप) 4.6 च्या आसपास, म्हणजे गुरू शेजारी नसता तर काळोख्या गावातून तो सहज दिसला असता. गुरूपासून तो 5 कलांपर्यंत लांब जातो, हे अंतरही डोळ्याला पुरतं. आडवी येते ती गुरूची चकाकी. घराच्या वळचणीआड किंवा खांबाआड गुरू झाकून बघितलं तर चांगल्या नजरेला शक्य आहे. चीनमध्ये गान द या ज्योतिर्विदानं इसवी सनापूर्वी 364 मध्ये गुरूला चिकटून एक लहान तांबूस तारा असल्याचं लिहिलं होतं, आणि तो गुरूचा चंद्र असावा असं चिनी इतिहासकार शी झझोंग यांनी 1981 मध्ये मांडलं. तुमच्या आजोबांचं म्हणणं मी तरी उडवून लावणार नाही.

हर्णैच्या ताईंसाठी एक गोष्ट सांगायची राहिली. गणिती गाउस यांच्याबद्दल असं सांगतात की त्यांनी आईला दुर्बिणीतून शुक्राची कोर दाखवली. वाटलं, आई थक्क होईल. आई म्हणाली, पण ही उलटी का दिसते? त्यांच्या दुर्बिणीत प्रतिमा उलटी यायची, आणि आईला कोर आधीपासून नुसत्या डोळ्यांनी सुलटी दिसत होती. ही आठवण सांगोवांगीची आहे, पण मला तिच्यातला मुद्दा महत्त्वाचा वाटतो. 'मला कोर दिसते' एवढ्यानं काही ठरत नाही. *दिशा* सांगता आली तर ठरतं.

म्हणूनच सरळरेषा यांचा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. 1 तारखेला चंद्र शेजारीच होता, आडवा, टोकं वर. त्याचा साचा मनात बसला असू शकतो. त्यावर उपाय आकाशातच आहे. येत्या दहा-बारा दिवसांत शुक्राची कोर चंद्राच्या त्या कोरीसारखी राहणार नाही, ती एका बाजूला कलत जाईल. कोणत्या बाजूला ते मी इथे लिहीत नाही. कुणीही लिहू नका, ही सगळ्यांना हात जोडून विनंती. मुलीकडून रोज वहीत चित्र काढून घ्या, आदल्या दिवशीचं पान चिकटपट्टीनं बंद करून. होळीपर्यंत चालू ठेवा. मग बोलू.

एक सूचना सगळ्यांनाच. घरात द्विनेत्री (बायनॉक्युलर) असेल तर 7 किंवा 10 पटीच्या साध्या द्विनेत्रीतूनही कोर स्पष्ट दिसते, पण सूर्य पूर्ण बुडाल्याशिवाय ती डोळ्याला लावू नका. शुक्र आता रोज सूर्याच्या जवळ सरकतो आहे. शोधताना चुकून सूर्य आत आला तर डोळा कायमचा जातो आणि त्याला माझ्या दुकानात काय, कुठेच उपाय नाही. आणि हर्णैच्या ताईंनी तर 13 तारखेपर्यंत द्विनेत्री मुळीच दाखवू नये, परीक्षा फुटेल.

सरळरेषा | 3 मार्च 2025, रात्री 10.30

कलण्याची परीक्षा मला मान्य आहे. आधी कुणी दिशा सांगितली नाही आणि मुलीनं बरोबर काढली, तर मी माझं म्हणणं मागे घेईन. 40 मीटरचा प्रयोग मी उद्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर करून बघतो.

हर्णैबंदर | 14 मार्च 2025, सकाळी 11.15

सगळ्यांचे आभार, आणि चष्मेवाले काकांचे विशेष. शिमग्याची गडबड आहे, पालखी दारात यायची आहे, तरी काल रात्री उशिरा सगळी पानं उघडली म्हणून लगेच लिहिते.

आधी डोळे. उजव्या डोळ्यानं तिला गुरू आणि व्याध गोल ठिपके दिसतात आणि शुक्र तेवढा आडवा. डाव्या डोळ्यानं मात्र तिन्ही थोडे तिरके ताणलेले दिसतात, आणि मान कलती केली की तो ताण मानेबरोबर फिरतो. उजव्या डोळ्यात शुक्राचा आकार मान कितीही वाकवली तरी हलत नाही. हे तिनंच आम्हाला समजावून सांगितलं, दोन-दोनदा डोळे झाकून.

पुठ्ठ्याचा प्रयोग तिच्या बाबांनी केला. जाळ्याची दोरी मोजून अंतर घेतलं. मी तिच्याजवळ पाठ करून उभी होते. उजव्या डोळ्यानं टोकं वर-खाली आहेत की आडवी हे ती बहुतेक वेळा बरोबर सांगायची. वर की खाली यात मात्र अधूनमधून चुकायची आणि 'आता नक्की नाही कळत' असं स्वतःच म्हणायची. तिचे बाबा तिथून बघायला उभे राहिले तर त्यांना आडवी-उभी कळली, टोकं कोणत्या बाजूला ते नाही. मला चष्म्यासकट काहीच नाही.

आता वही. मधल्या दोन संध्याकाळी समुद्रावर धुरकट होतं, ती पानं कोरी आहेत. सुरुवातीच्या चित्रांत सरळ आडवी रेघ आहे, मधे खाली किंचित फुगलेली. 8 तारखेपासून ती रेघ तिरकी होत गेलीय. डावं टोक वर आणि उजवं खाली. कालच्या होळीच्या संध्याकाळी, होम लागायच्या आधी घाईघाईनं किनाऱ्यावर गेलो होतो, त्या चित्रात तर चांगलीच कललेली आहे आणि आधीपेक्षा बारीक. तिनं खाली लिहिलंय, 'जाड बाजू डाव्या हाताला खाली.' आम्हाला बरोबर उत्तर माहीत नाही. काका, आता सांगा.

चष्मेवाला बार्शी | 14 मार्च 2025, दुपारी 2.40

ताई, उत्तर बरोबर आहे. डावं टोक वर, उजवं खाली, उजेडाची बाजू डावीकडे खाली.

कारण असं. कोरीची उजळ बाजू नेहमी सूर्याकडे असते. महिन्याच्या सुरुवातीला सूर्य शुक्रापासून तीसेक अंश लांब आणि जवळपास सरळ खाली होता, म्हणून कोर जवळजवळ आडवी. पण ह्या वेळी शुक्र सूर्यासमोरून नेमका जात नाहीये, सूर्याच्या बराच उत्तरेकडून, आठ अंशांवरून जातोय. पश्चिमेकडे तोंड केलं की उत्तर आपल्या उजव्या हाताला. म्हणजे जसजसा शुक्र सूर्याजवळ येतो तसतसा सूर्य त्याच्या खाली न राहता डावीकडे खाली जातो, आणि कोर त्याच्याकडे वळते. काल ती तीसेक अंश कललेली होती. जाडी व्यासाच्या शंभरात चार-पाच भाग, व्यास 57-58 विकला. 'आधीपेक्षा बारीक' हेही तिनं बरोबर टिपलंय.

चंद्राचा साचा मनात असता तर चित्रं शेवटपर्यंत आडवीच आली असती. डोळ्याच्या नंबरामुळे झालं असतं तर दहा दिवसांत दिशा बदलली नसती, कारण सिलेंडरचा अक्ष असा फिरत नसतो. उजव्या डोळ्यानं तिनं शुक्राचा खरा आकार बघितला, असं मी पूर्ण खात्रीनं म्हणतो. टोकं सुटी सुटी दिसली का, त्याबद्दल मी इतकं ठाम बोलणार नाही. पुठ्ठ्यावर तिची गल्लत झाली ती तिथेच. पण लांबटपणा, कल आणि जाड बाजू, हे तिघंही तिच्या वहीत आहेत. वही जपून ठेवा, पानांवर तारीख आणि वेळ घाला.

डाव्या डोळ्याचं मात्र मनावर घ्या. तिथे थोडा सिलेंडर नंबर असणार. उजवा इतका तल्लख असल्यामुळे तो कुणाच्या लक्षात आला नसेल, मुलं चांगल्या डोळ्यावर भागवून नेतात. दापोलीत किंवा जवळ जिथे डोळ्यांचे डॉक्टर असतील तिथे दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्या. घाबरायचं काही नाही, पण ह्या वयात लक्षात आलेलं बरं.

सरळरेषा | 14 मार्च 2025, दुपारी 4.05

मागे घेतलं. गच्चीवर मला 40 मीटरवरून काही कळलं नाही, पण आमच्या शेजारच्या नवव्या वर्षाच्या मुलानं दिशा सांगितल्या. मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. आता ह्यापुढे बघायचं असेल तर कधी?

चष्मेवाला बार्शी | 14 मार्च 2025, रात्री 9.15

संध्याकाळचे अजून दोन-तीनच दिवस, तेही समुद्रासारखं मोकळं क्षितिज असेल तर. मग 23 तारखेची युती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून पहाटे पूर्वेला, सूर्योदयाच्या अर्धा तास आधी. हर्णैला पूर्वेकडे डोंगर आहे, त्यामुळे तुम्हाला थोडे दिवस उशिरा मिळेल, पण तेव्हाही तो पन्नास विकलांच्या वरच असेल. उजेडाची बाजू तेव्हाही क्षितिजाकडे. किती कललेली, ते पुन्हा तिच्या वहीतूनच कळू द्या.

असा हंगाम सुमारे 584 दिवसांनी येतो. पुढची युती 24 ऑक्टोबर 2026. ती संध्याकाळी फारशी सोयीची नाही, शुक्र क्षितिजालगत राहील. पण नंतरच्या पहाटा उत्तम. त्या वर्षी लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, म्हणजे दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला उठलेल्या प्रत्येक घराच्या पूर्वेला शुक्राची कोर असेल. तोवर आपल्या आसपासच्या आठ-दहा-बारा वर्षांच्या मुलांना 40 मीटरचा पुठ्ठा दाखवून ठेवा, आणि त्यांनी काढलेली चित्रं इथे टाका. कोणत्या वयाला काय दिसतं ते मला खरंच बघायचंय.